सकाळची गाठ घट्ट, दुपारची सैल: बेलिंग प्रेसचं तेच ते दुखणं आणि नवीन मशीन घेण्याआधीची तपासणी

तक्रार बहुतेक वेळा अशी येते. भिवंडीच्या गोदामात पुठ्ठा दाबून त्याच्या तारेने बांधलेल्या गाठी करणारं मशीन, म्हणजे बेलिंग प्रेस, बसवून वर्षही झालेलं नसतं. सकाळच्या पहिल्या दोन-तीन गाठी झकास निघतात. जेवणाच्या सुट्टीनंतर मात्र गाठ फुगलेली बाहेर येते, गाडीत चढवताना तार तुटते, आणि दुसऱ्या दिवशी वापीच्या कागद मिलमधून फोन येतो की निम्मा माल सुटाच पोचला. फिटर येतो, सील (तेल गळू न देणारी कडी) बदलतो, तेल भरतो, आठ-पंधरा दिवस बरे जातात. मग पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सील गेलं की मालक म्हणतो, "मशीनच छोटं पडतंय. चाळीस टनाचं काढू आणि साठ टनाचं घेऊ."

साठ टनाचं घेतलेल्या गोदामांतूनही हीच तक्रार येते, तेव्हा टनाचा आकडा, म्हणजे मशीन किती जोराने दाबतं तो, थोडा वेळ बाजूला ठेवा. गाठ सैल पडण्याचं कारण तीनपैकी एका ठिकाणी असतं. एक, मशीनच्या आत. दोन, भरण्या-बांधण्याच्या पद्धतीत. तीन, मुळात आपल्या मालाला आणि आपल्या वेळेला न जुळणारं मशीन उचलल्यात. पहिल्या दोन्हींचा इलाज जागच्या जागी होतो. तिसऱ्याचा होत नाही, आणि घाईघाईत नवीन मशीन घेताना तीच चूक जास्त पैसे देऊन परत केली जाते. म्हणून तपासणी याच क्रमाने करा.

आधी प्रेशर गेज

या मशीनमध्ये मोटारीवरचा पंप तेल दाबाने जॅकमध्ये ढकलतो, जॅक माल दाबणारी प्लेट हलवतो, आणि तेलाचा दाब प्रेशर गेजवर दिसतो. सकाळी घट्ट, दुपारी सैल, एवढ्यात अर्धं निदान झालेलं आहे. गार तेल दाट असतं. तापलं की पातळ होतं आणि झिजलेल्या पंपाच्या आतल्या फटींतून किंवा पिस्टनच्या सीलजवळून मागे निसटतं. सकाळी गेजवर १५० बार दिसतात, दुपारी तीनला काटा ११०-१२० ला अडतो. मोटारीचा आवाज तोच, प्लेट तेवढीच खाली येते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. आठवडाभर रोज दोन वेळा, सकाळी पहिल्या गाठीला आणि दुपारी तीनच्या सुमारास, गेजचा आकडा भिंतीवरच्या फळ्यावर लिहा. गेजची काच काळी पडली असेल किंवा काटा अडकला असेल, तर आधी गेज बदला. आंधळ्या गेजवर केलेली दुरुस्ती म्हणजे निव्वळ अंदाज.

दोन्ही वेळा आकडा सारखाच असेल तर मशीनचा जोर शाबूत आहे, पुढच्या भागाकडे वळा. दुपारी पडत असेल तर पंप की सील हे वेगळं करावं लागतं. उभ्या मशीनमध्ये (प्लेट वरून खाली येते ते) प्लेट पूर्ण वर नेऊन मोटार बंद करा आणि गाइडवर, म्हणजे प्लेट ज्याच्या आधाराने सरकते त्यावर, खडूने खूण करा. अर्ध्या तासात प्लेट स्वतःहून खाली सरकली तर गळती सीलमधून किंवा व्हॉल्व्हमधून आहे. जागची हलली नाही, पण तापल्यावर प्रेशर चढतच नाही, तर संशय पंपावर आणि रिलीफ व्हॉल्व्हवर (दाब मर्यादेच्या वर गेला की तेल टाकीत परत सोडणारी झडप) घ्यायचा. या सगळ्या काळात प्लेटखाली कोणी हात घालायचा नाही. घालावाच लागला तर आधी मेन स्विच बंद करून कुलूप लावा आणि खाली लोखंडी टेकू द्या.

रिलीफ व्हॉल्व्हबद्दल एक सांगायला हवं. गाठ सैल येतेय म्हणून कोणीतरी पाना घेऊन त्याचा स्क्रू "जरासा" आवळतो. व्हॉल्व्हच्या बैठकीत घाण अडकली असेल तर त्याने फरक पडत नाही, आणि नसेल तर प्रेशर बनवणाऱ्याने ठरवलेल्या मर्यादेच्या वर जातं. मग तेलाचा होज पाइप फुटतो, नाहीतर मशीनच्या खोक्याच्या कोपऱ्यावरचं वेल्डिंग उकलतं. स्क्रूवर रंगाचा ठिपका देऊन ठेवा, म्हणजे कोणी फिरवला तर दिसेल.

तेल एवढं तापतं तरी का? ६० अंशांच्या आत राहायला हवं. टाकीवर तळहात चार-पाच सेकंदही टेकवत नसेल तर ते वर गेलंय असं समजा. मे महिन्यात पत्र्याखालच्या गोदामात हवाच तापलेली असते हे खरं, पण मोठं कारण बहुधा वेगळं निघतं. प्लेट शेवटपर्यंत दाबली गेली तरी ऑपरेटर बटण धरून उभा राहतो. "अजून बसेल" या आशेवर. त्या वेळात पंपाचं सगळं तेल रिलीफ व्हॉल्व्हवरून टाकीत परत जातं आणि मोटारीची सगळी ताकद नुसती उष्णता होते. माल एक मिलिमीटरही जास्त बसत नाही. प्रेशर चढलं की बटण सोडायचं, एवढं शिकवल्यावर काही गोदामांतली दुपारची तक्रार तिथेच संपते.

टाकीचं मापही बघा. पंप मिनिटाला ३० लिटर तेल देत असेल तर टाकीत निदान त्याच्या तिप्पट, म्हणजे ९०-१०० लिटर तेल हवं, नाहीतर वेगळा कूलर लावावा लागतो. किंमत उतरवायची म्हणून पहिली कात्री टाकीलाच लागते. शिवाय पॉवर पॅक, म्हणजे मोटार-पंप-टाकीचा संच, कोपऱ्यात, तयार गाठींच्या थप्पीमागे दडपलेला असेल तर तिथे वारा कुठून लागणार? पावसाळ्यात तेल दुधासारखं दिसायला लागलं तर त्यात पाणी गेलंय. ते बसून खाली जाईल म्हणून थांबू नका, बदला.

आता सील. सील वारंवार जातंय म्हणजे सील खराब आहे असं नाही. जुनं सील फेकू नका, उजेडात धरून बघा. कडक होऊन तडकलं असेल तर तेल तापतंय. एखाद्या जागी कापलं गेलं असेल तर बसवताना लागलं किंवा तेलात कचरा आहे. एकाच बाजूने झिजलं असेल तर जॅक तिरका चालतोय, आणि भिवंडी-तुर्भ्याच्या गोदामांत मला हेच सर्वांत जास्त दिसतं. माल दारासमोरून फेकला जातो, पुढच्या कोपऱ्यात ढीग होतो, मागचा कोपरा रिकामा राहतो. प्लेट एका अंगाला कलते, गाइडचे पट्टे झिजतात, जॅकच्या रॉडवर ओरखडे येतात. मग त्या ओरखड्यांवर कितीही भारी सील बसवा, महिना-दीड महिन्यात ते कापलं जाणारच. फिटरला आधी रॉडवरून नख फिरवायला सांगा. नख अडकलं तर रॉड पॉलिश करून किंवा हार्डक्रोम (कडक क्रोमचा थर) करून घ्यायचा, गाइडच्या पट्ट्या बदलायच्या, आणि मगच सील.

गेज ठीक, तरी गाठ फुगते

इथे मशीनला दोष देऊ नका. प्लेट दाबलेली असतानाच तारा ओवून, ताणून, पीळ देऊन झाल्या पाहिजेत. संध्याकाळी गाडी दारात उभी असते आणि हमाल घाई करतात, तेव्हा प्लेट वर घेऊन मग गाठ बांधली जाते. तेवढ्यात पुठ्ठा उसळलेला असतो.

मशीनच्या खोक्याच्या भिंतींना वरच्या बाजूला स्प्रिंगवर चालणारे दात असतात. प्लेट वर गेली तरी माल परत उसळू नये म्हणून. ते तुटलेले, वाकलेले किंवा पिशव्यांच्या चिंध्यांनी जाम झालेले असतात आणि कोणाला पत्ता नसतो. महिन्यातून एकदा मशीन रिकामं करून ते हाताने दाबून बघा.

तारेत काटकसर होते. १२ गेजची तार २.६४ मिलिमीटर, १४ गेजची २.०३. डोळ्याला फरक दिसत नाही, पण काटछेद दीडपटीहून जास्त असतो, आणि ताकदही त्याच प्रमाणात. पावसात गोदामाच्या दाराशी पडून गंजलेली तार पिळाच्या जागी तुटते. प्लास्टिकची पट्टी छोट्या पुठ्ठ्याच्या गाठीला चालते. बाटल्या आणि प्लास्टिकच्या फिल्मला ती चालत नाही, ताणाखाली दिवसागणिक सैल पडत जाते.

भरतानाचा नियम सोपा आहे, पाळला जात नाही एवढंच. पुठ्ठ्याचे खोके उघडून सपाट, आधी चारही कोपरे, मग मधला भाग. बंद खोका तसाच टाकला की आत हवा अडकते आणि गाठ एका बाजूने वाकडी निघते. वाकडी गाठ थप्पीत उभी राहत नाही, मग ती फोडायची, परत दाबायची, परत तार.

पावसाळ्यात पुठ्ठा ओला असला की गाठ घट्ट बसल्यासारखी वाटते. तो भास असतो. वाळल्यावर पुठ्ठा आकसतो, तारा ढिल्या पडतात. वजन वाढावं म्हणून मुद्दाम पाणी मारणारेही या धंद्यात आहेत, पण मिलवाले सळी खुपसून ओलावा मोजतात आणि साधारण १०-१२ टक्क्यांच्या वर गेला की वजनातून कापून घेतात. गाठी जमिनीवर न ठेवता पॅलेटवर ठेवा. जूनपासून दाराकडची पहिली ओळ रिकामी सोडा, वाऱ्याने आत येणारी झड तेवढं अंतर सहज गाठते.

कोणता माल, यावर बरंच ठरतं

पुठ्ठ्यासाठी घेतलेल्या मशीनमध्ये हळूहळू सगळंच जायला लागतं. स्ट्रेच फिल्म, बबल रॅप, पाण्याच्या बाटल्या, कधी थर्माकोलही. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. फिल्म दाब सोडला की परत उसळते, तिला जास्त दाब लागतो, जास्त वेळ धरून ठेवावं लागतं आणि तारा जास्त लागतात. शिवाय ती प्लेटच्या कडेने वर सरकते आणि गाइडमध्ये गुंडाळली जाते. आडव्या मशीनमध्ये (प्लेट माल बाजूने ढकलते ते) तर ती दाबणाऱ्या प्लेटच्या मागे साचते, आणि कापणाऱ्या पात्याची धार गेली असेल तर तिथेच अडकून मशीन बंद पाडते. मशीन दर दोन दिवसांनी एकाच जागी जाम होत असेल तर मोटार वाढवून उपयोग नाही. पातं आणि त्याची फट तपासा, आणि मागचा भाग रोज साफ करा.

बाटलीचं झाकण बंद असेल तर आत हवा राहते आणि ती गाठ उसळणारच. झाकणं काढा, किंवा बाटल्या आधी भोकं पाडणाऱ्या रोलरमधून जाऊ द्या. एवढं केलं तर त्याच मशीनवर गाठीचं वजन लक्षात येण्याजोगं वाढतं. बबल रॅप आणि हवेच्या उश्यांनाही तेच लागू. थर्माकोल साध्या प्रेसमध्ये टाकूच नका, तो तुकडे होऊन सगळीकडे उडतो आणि पुठ्ठ्याच्या गाठीचा भाव घालवतो; त्याला वेगळं, वितळवून किंवा स्क्रूने दाबून घट्ट करणारं मशीन लागतं. आणि ऑनलाइन खरेदीच्या परतीच्या मालात येणारे स्प्रेचे डबे आणि लिथियम बॅटऱ्या यांच्यासाठी टेबलाशी एक माणूस उभा हवाच. दाबल्यावर डबा फुटतो. बॅटरीला प्रेसमध्ये इजा झाली तर ती गाठीच्या पोटात काही तासांनीही पेट घेऊ शकते. आग गोदाम बंद झाल्यावर लागते, तेव्हा बघणारा कोणी नसतो.

फिल्म आणि बाटल्या एकाच गाठीत घालू नका याला कागदोपत्री कारणही आहे. प्लास्टिक कचरा नियम २०१६ चे, त्यात फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्पादकांच्या जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांत बाटल्यांसारखं कडक प्लास्टिक पहिल्या वर्गात, पिशव्या-फिल्म दुसऱ्यात, आणि प्लास्टिकखेरीज दुसरा थर असलेलं पॅकिंग तिसऱ्यात मोडतं. गाठी वेगळ्या असतील, प्रत्येकीवर वजन आणि तारीख लिहिलेली असेल, तर पुढच्या प्रक्रियादाराकडून हिशेब मागता येतो.

टनाचा आकडा असा तपासा

वरचं सगळं पाहून झालं, गेज ठीक, पद्धत ठीक, तरी माल साचतोय, तर मशीन बदलायचा विचार करा. विक्रेता पहिला शब्द टनाचाच काढेल. त्याला जॅकचा आतला व्यास आणि कामाचं प्रेशर विचारा आणि मोबाइलवर गुणाकार करा. १५० मिलिमीटर व्यासाचा जॅक म्हणजे १७७ चौरस सेंटिमीटर. १५० बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १५३ किलो. गुणाकार २७ टन. हे मशीन कोणी चाळीस टन म्हणून विकत असेल तर बाकीचे तेरा टन कुठून आले, हे त्यानेच सांगावं.

पण खरा आकडा याच्याही पुढचा. तो जोर किती मोठ्या प्लेटवर पसरतो? चाळीस टन ११० बाय ८० सेंटिमीटरच्या प्लेटवर पडले तर दर चौरस सेंटिमीटरला ४.५ किलो. तेच चाळीस टन १५० बाय ११० च्या प्लेटवर फक्त २.४ किलो. मोठ्या प्लेटचं मशीन दिसायला भारदस्त, किमतीला जास्त, आणि गाठ मऊ. दोन मशीनची तुलना करताना टन खोडून हा आकडा लिहा. कागदावरचा क्रम बऱ्याचदा उलटा होतो.

तिसरी तपासणी मोटारीची. २०० मिलिमीटरचा जॅक एक मीटर खाली यायला ३१ लिटर तेल लागतं. पंप मिनिटाला ३० लिटर देत असेल तर एक मिनिट. त्या पंपाने १५० बारला काम करायचं तर ३० गुणिले १५० भागिले ६०० (लिटर आणि बारवरून किलोवॅट काढायचा ठरलेला आकडा), म्हणजे साडेसात किलोवॅट. गळती-घर्षण धरून नऊच्या आसपास, म्हणजे बारा हॉर्सपॉवर. कोणी हेच काम पाच हॉर्सपॉवरमध्ये करतो म्हणत असेल तर एकतर पंप दोन टप्प्यांचा आहे, हलक्या भाराला जलद आणि जोर लागला की संथ, किंवा आकडे खोटे आहेत. दोन टप्प्यांचा पंप वाईट नाही, उलट चांगला. फक्त विक्रेत्याने तसं तोंडाने सांगायला हवं.

तुमचा खरा तुटवडा वेळेचा

एक टन सुटा पुठ्ठा, घनमीटरला ४० किलो धरला, तर २५ घनमीटर जागा खातो. म्हणजे दहा बाय दहाची खोली जवळजवळ छतापर्यंत भरली. दाबल्यावर तोच माल तीन-साडेतीन घनमीटरात बसतो. मालक हे बघून मशीन घेतो. तो माल त्या खोलीतून मशीनच्या तोंडात जायला किती वेळ लागणार, हे मात्र कोणी मांडत नाही.

मांडून बघू. उभं मशीन, मशीनचा खोका ११० बाय ८० सेंटिमीटर, भरायच्या दाराची उंची ६०. एका भरणीत अर्धा घनमीटर, म्हणजे २० किलोच्या आसपास. २५० किलोच्या गाठीला १२-१३ भरण्या. दर भरणीला माल टाकायला सव्वा मिनिट, प्लेट खाली यायला एक मिनिट, वर जायला चाळीस सेकंद. ढोबळ तीन मिनिटं. तेरा भरण्यांची एकोणचाळीस. बांधून बाहेर काढायला दहा. पन्नास मिनिटांची एक गाठ झाली. आठ तासांच्या पाळीत जेवण-चहा वजा जाता नऊ गाठी, सव्वादोन टन. दिवसाला साडेतीन टन माल येत असेल तर रोज सव्वा टन उरणार, आणि शनिवारपर्यंत दार लागणार नाही.

या हिशेबात चाळीसचे साठ टन करून पाहा. भरण्या तेवढ्याच, सेकंद तेवढेच. गाठ थोडी जड होईल, बांधायचा वेळ थोड्या कमी गाठींवर वाटला जाईल, बस. दाराची उंची ६० ची ९० केली, किंवा पंप मोठा घेतला, तर प्रत्येक गाठीमागे आठ-दहा मिनिटं वाचतात. म्हणून विक्रेत्याला विचारायचा प्रश्न हा: दाराचं तोंड केवढं, आणि पूर्ण फेरी किती सेकंदांची? तोंडाची रुंदी तुमच्याकडे येणाऱ्या सर्वांत मोठ्या सपाट खोक्याला पुरली पाहिजे. फ्रिजचा खोका मावत नसेल तर एक माणूस दिवसभर कटर घेऊन बसेल.

माझा ढोबळ कल असा. दिवसाला दोन टनांपर्यंत एक चांगलं उभं मशीन. दोन ते पाच टनांमध्ये दोन उभी, किंवा हाताने बांधायचं एक आडवं. इथे मी दोन उभ्यांच्या बाजूने झुकतो. एकाची गाठ बांधली जात असताना दुसरं भरता येतं, तीच माणसं पुरतात, आणि एक बंद पडलं तरी गोदाम बंद पडत नाही. एकात पुठ्ठा आणि दुसऱ्यात फिल्म ठेवली तर सफाईचा वेळही वाचतो. पाच-सहा टनांच्या पुढे कन्व्हेयरसकट आडवं. स्वतः तार बांधणारं पूर्ण स्वयंचलित मशीन दहा टनांच्या आत घेऊ नये असं मला वाटतं. त्याची तार बांधणारी यंत्रणा नाजूक असते आणि ती दुरुस्त करणारे हात सगळीकडे मिळत नाहीत.

दिवाळीच्या ऑनलाइन सेलमध्ये माल दुप्पट-तिप्पट होतो. त्या आकड्यावर मशीन घेतलं तर दहा महिने ते अर्धपोटी उभं राहील. त्या आठवड्यांत दुसरी पाळी लावा. वर्षाची सरासरीही धरू नका, साध्या महिन्यातला सर्वांत जड आठवडा धरा.

गाळा, लिफ्ट, गाडी

साकीनाका, अंधेरी, वसईच्या जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मशीन निवडायच्या आधी टेप घेऊन गाळा मोजा. उभ्या मशीनचा जॅक वर उभा असतो, एकूण उंची तीन मीटरच्या पुढे सहज जाते, आणि नेमका बीम तिथेच येतो. आडवे-तिरपे दोन जॅक असलेलं बुटकं मॉडेल मिळतं, तेच मागा. गाळा वरच्या मजल्यावर असेल तर स्लॅब किती भार घेतो हे इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लेखी घ्या. मशीन दोन-अडीच टनांचं, वर गाठींची थप्पी. मालवाहू लिफ्टची क्षमता आणि दाराची रुंदी आधीच बघा; ३५० किलोची गाठ लिफ्टच्या दारात मावली नाही तर ती खाली न्यायची कशी?

पाण्याचा विचार मुंबईत करावाच लागतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीकाठचे गाळे बुडाले ते सोडा, दर पावसाळ्यात कुर्ला-साकीनाक्याच्या खालच्या गल्ल्यांत गुडघाभर पाणी येतंच. पॉवर पॅक आणि पॅनल जमिनीवर ठेवू नका. मागच्या पाण्याची खूण भिंतीवर असते, त्याच्या फूटभर वर लोखंडी स्टँड करा. आडव्या मशीनच्या कन्व्हेयरसाठी जमिनीत खड्डा काढायला सांगतील. सखल भागात तो खड्डा म्हणजे विहीर.

विजेचं थोडक्यात. मंजूर भार वाढवून घ्यायला वेळ लागतो, मशीनच्या ऑर्डरबरोबरच अर्ज करा. दहा हॉर्सपॉवरच्या पुढे स्टार-डेल्टा किंवा सॉफ्ट स्टार्टर (मोटार सुरू होताना विजेचा झटका कमी करणारे) घ्या, केबल आखूड आणि जाड ठेवा. संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि मोटार तापून ट्रिप होते, त्याचा दोष बऱ्याचदा पंपावर ढकलला जातो.

गाठीचं माप गाडीवरून ठरवा. निर्यातीच्या चाळीस फुटी कंटेनरची आतली रुंदी २.३५ मीटर. ११० सेंटिमीटरच्या दोन गाठी शेजारी बसतात. १२० च्या बसत नाहीत, आणि मधली अर्धी गाडी हवा वाहून नेते. स्थानिक गाड्यांची रुंदी वेगवेगळी असते, नेहमीच्या वाहतूकदाराची गाडी मोजून घ्या. शहरात अवजड गाड्यांना गर्दीच्या वेळी बंदी, त्यामुळे गाडी रात्री येते. तेव्हा फोर्कलिफ्ट चालवायला माणूस असतो का? नसेल तर पाचशे किलोच्या गाठीचं मशीन घेऊ नका. ८०-१०० किलोची गाठ दोन-तीन माणसं लोळवत टेम्पोत चढवतात. धारावीच्या तेरा कंपाउंडसारख्या अरुंद गल्ल्यांत छोट्या गाठी चालतात त्या याचसाठी.

ऑर्डर देण्याआधी

विक्रेत्याच्या कारखान्यात जाताना आपला माल घेऊन जा. तिथला कोरडा, निवडक पुठ्ठा नको. तुमच्या गोदामातला टेप लागलेला, अर्धा चुरगळलेला न्या. सलग तीन-चार गाठी काढायला लावा, मशीन तापू द्या. पहिल्या आणि शेवटच्या गाठीचं वजन करा, लांबी मोजा, दोन्ही दोन दिवस तशाच ठेवून परत मोजा. किती फुगल्या हे बघूनच पैशाचं बोला.

दार उघडं असताना प्लेट हलते का, हे समोर करून दाखवायला सांगा. हलली तर ते मशीन घेऊ नका, कितीही स्वस्त असो. उभ्या प्रेसच्या सुरक्षेसाठी युरोपात ईएन १६५०० हे मानक आहे. विक्रेता त्याचं नाव घेत असेल तर कागद मागा. आपल्याकडे कारखाने कायदा १९४८ ने (नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू) चालत्या भागांना आडोसा सक्तीचा केला होता. गोदामात गेल्यावर पहिल्या महिन्यातच कोणीतरी दाराचा स्विच तार बांधून कायमचा दाबून ठेवतो, वेळ वाचावा म्हणून. सुपरवायझरने रोज सकाळी दार उघडं ठेवून बटण दाबून बघायचं, आणि प्लेट हलली तर त्या दिवशी मशीन बंद.

ऑर्डरवर लिहून घ्या: जॅकचा व्यास, कामाचं प्रेशर, प्लेटचं माप, रिकाम्या फेरीचे सेकंद, टाकीचे लिटर, आणि तुमच्या मालावर गाठीचं किमान वजन. सील किटचे दोन संच मशीनबरोबरच मागा आणि त्यावरचे नंबर वहीत उतरवून ठेवा. शेवटचा हप्ता मशीन तुमच्या गाळ्यात दुपारी तीन वाजता, तापलेल्या तेलावर, लिहून दिलेल्या वजनाची गाठ काढून दाखवेल तेव्हाच द्या.